रडणाऱ्यांना निळी

लोक सासूला कामाला लावतात ते तिला काहीतरी येतं म्हणून. या सुनेने लावलं ते काही येत नाही म्हणून! सून लहान मुलांच्या दातांची डॉक्टर. दवाखान्यातल्या नर्ससमोर खुशाल म्हणाली, "आई, चिठ्ठ्या काढायला तुम्हीच बसा. तुम्हाला यातलं काही कळत नाही, तेच बरं." सासूबाईंच्या ते जिव्हारी लागलं.

काम सोपं होतं. कीड आतल्या नसेपर्यंत पोचलेल्या दुधाच्या दाढा सून वाचवायची. नसेचा वरचा सडलेला भाग काढायचा, उरलेल्या नसेवर औषध ठेवायचं, दाढ बुजवायची. औषधं दोन, जुनं आणि नवं. सहा महिन्यांत जे सरस ठरेल तेच पुढे दवाखान्यातल्या सगळ्या मुलांना मिळणार होतं. तोवर कुणाला कोणतं द्यायचं ते डब्यातली चिठ्ठी सांगणार. लाल म्हणजे जुनं, निळी म्हणजे नवं.

"डोळे मिटून काढायची, आई. पोराकडे बघायचंही नाही."

"का? माझी दृष्ट लागते?"

पंधरा दिवस सासूबाईंनी डोळे मिटले. पण कान कसे मिटणार? निळीवाली पोरं तपासणीला आली ती खिदळत. लालवाल्यांतला एक मात्र कण्हत आला. झालं! सहा महिन्यांचा निकाल सासूबाईंनी तिथल्या तिथे लावून टाकला.

मग एक चिमुरडी आईच्या खांद्यावर हुंदके देत आली. रडून रडून डोळे सुजलेले. चिठ्ठी निघाली लाल. सासूबाईंचे मिटलेले डोळे केव्हाच उघडले होते. त्यांनी ती गुपचूप परत टाकली आणि निळी शोधून काढली.

तेव्हापासून रीतच पडली. ठणक्याने कळवळणाऱ्याला निळी. गोळी चघळत खुर्चीला लाथा मारणाऱ्याला लाल. "याला काय धाड भरलीय? याला जुनं पुष्कळ झालं!"

"आजी, किती वेळ हात डब्यात?" नर्सने एकदा टोकलंच.

"माझ्या वयाची हो, मग बोटं कशी वळतात ते विचारीन."

सहा महिन्यांनी सून कागद घेऊन बाकावर बसली. चेहरा पार उतरलेला. "नवं औषध हरलं, आई. जुन्यापेक्षा त्याच्या दुप्पट दाढा बिघडल्या. आता दवाखान्याचे मोठे डॉक्टर ते बंद करणार."

"हरेल कसं? वाईटातली वाईट दाढ मी निवडून निवडून त्याच्याच पदरात घातली!"

सुनेच्या हातातले कागद खाली पडले. "निवडून?"

मग सगळं बाहेर आलं. सून ओरडली नाही. कपाळ धरून तिने पहिल्यापासून समजावलं, चिठ्ठी न बघता का काढायची ते. सासूबाई ऐकता ऐकता ताठ झाल्या.

"म्हणजे वर्गातली ढ पोरं सगळी एकाच मास्तराच्या गळ्यात मारायची, आणि निकाल लागला की नापास मास्तरच?"

"अगदी तेच, आई! म्हणून तर चिठ्ठी!"

सासूबाई उठल्या, पदर खोचला. "चल मोठ्या डॉक्टरांकडे. माझ्या तोंडाने सांगते. औषधावर खोटा आळ नको."

"पण सहा महिने पाण्यात गेले हो," सून रडवेली होऊन म्हणाली.

दारात थांबून सासूबाईंनी तिचे डोळे आपल्या पदराने पुसले आणि ठणकावून सांगितलं, "सहा महिन्यांपूर्वी हे असं धड समजावलं असतंस, तर ही वेळ आली नसती. ऐकून ठेव. यातली दुधाच्या दाताएवढी चूक माझी. बाकी अख्खा जबडा तुझा!"