शिवण मधोमध

मानवजातीची बरीचशी प्रगती बसल्या जागी झाली आहे. त्यामुळे माकडहाडाजवळ, केस कातडीत शिरून होणाऱ्या गळवाला शस्त्रक्रियाशास्त्रात मान आहे. हे दुखणे पुरुषांचे समजले जाते. बायकांनाही होते, पण त्या ‘कंबर धरलीय’ म्हणत असल्याने आकडेवारी स्वच्छ राहते.

गणवेशांच्या कारखान्यातली मशीनवाली या स्वच्छतेला आठ महिने हातभार लावत होती. मग मुकादम म्हणाला, “ताई, एक तारखेला खुर्चीत बसला नाहीत, तर मशीन दुसरीला.” ती रुग्णालयात गेली. तिथे ‘स्त्रियांमधील शस्त्रक्रियांचा तुलनात्मक अभ्यास’ नेमका एका बाईवाचून अडला होता.

पद्धती दोन. जखम उघडी ठेवणे (मोठे डॉक्टरसाहेब) किंवा मधोमध टाके घालणे (धाकटे साहेब; दोघांत अबोला असल्याने तुलना निःपक्षपाती होती). चिठ्ठी काढली. टाके निघाले.

मशीनवालीने पालथे पडल्या पडल्या विचारले, “साहेब, शिवण मधोमध घेणार? पँट तिथंच उसवते हो. जरा बाजूला सरकवून घ्या की.”

“बाई, हे कापड नाही.”

“तेच म्हणते. कापड बदलून मिळतं.”

(प्रपत्रात रकाना नसल्याने ही सूचना नोंदवता आली नाही.)

बाराव्या दिवशी ती बादली उचलायला वाकली आणि शिवण उसवली. तपासणीला जायचे तर आधी रिक्षात बसा, मग बाकावर दोन तास बसा. ती गेली नाही. जी येत नाही ती बरी झाली, असा अभ्यासाचा दयाळू नियम होता. टाक्यांचे यश ब्याण्णव टक्के भरले. उघड्या जखमेचे सत्त्याण्णव (त्या बायकांना तर घराबाहेरही पडवत नव्हते).

महिनाअखेरीस ती पायीच रुग्णालयात पोचली. धाकट्या साहेबांनी वही पाहून अभिनंदन केले. “बऱ्या झालात की! बसा ना.”

“बसता आलं असतं तर इथं कशाला आले असते?”

“पण नोंद बंद झालीय, ताई.”

मशीन दुसरीला गेले. ती आता उभ्याने बटणे लावते, उभ्यानेच जेवते. नवऱ्याने एकदा विचारले, “बरी आहेस ना?” ती “हो” म्हणाली. तोवर तो बातम्यांकडे वळला होता.

वाचकांनी रुग्णालयावर जरूर चिडावे. फक्त आपल्या घरातल्या बाईला हा प्रश्न शेवटचा केव्हा विचारला, आणि उत्तर येईपर्यंत थांबलो होतो का, एवढे आधी आठवून घ्यावे.