चव्वेचाळीस नंबरचं ताट

शुक्रवारी सकाळी नॉर्मन क्रॅबट्रीने ड्रेसिंग रूममध्ये तळलेल्या चिकनचं ताट पकडलं.

हॅलोवेल कॉलेजच्या फुटबॉल टीमने नियम पाळावेत म्हणून नॉर्मनला पगार मिळे. खेळाडूंना पगार नव्हता. फी, खोली आणि मेसचं जेवण एवढी शिष्यवृत्ती. त्यापलीकडे कुणाकडून साधं सँडविच घेतलं तरी गुन्हा.

"हे कुणासाठी, व्हर्ना?"

"रेसाठी," मेसची म्हातारी व्हर्ना म्हणाली. "पंचेचाळीस वर्षं दर शुक्रवारी ठेवतेय. तुला आज दिसलं होय?"

रे टटल दोन वर्षं खेळला आणि मैदानातच मान मोडून गेला. त्याचं चव्वेचाळीस नंबरचं कपाट मात्र तसंच होतं. यादीत नावही होतं. हजेरीला ते पुकारलं की अख्खी टीम ओरडे, "हजर!"

"यादीत आहे म्हणजे खेळाडू. ताट बेकायदा."

"अरे, मेलाय तो!"

"मग खातं कोण?"

ते व्हर्नालाही ठाऊक नव्हतं. तिला दर शनिवारी ताट रिकामं मिळे. आणि वर धुतलेलंही.

नॉर्मनचा संशय विक मोझ्लीवर गेला. विक टीमचा हुकमी खेळाडू, आणि कायम भुकेला.

"सर, मेस सातला बंद होते, माझा सराव आठला संपतो. भूक लागणारच. पण मेलेल्याचं ताट? माझी आजी सोलून काढेल मला!"

गुन्हा ठरला तर विकची शिष्यवृत्ती जाणार होती, आणि मग गावी जाऊन कोंबड्या सोलायच्या. पोराचे डोळे भरून आले. नॉर्मनलाही वाईट वाटलं, पण नियम म्हणजे नियम.

त्याने ताट कपाटात ठेवलं. आरोपीला चौकशीचा फॉर्म द्यावाच लागतो, म्हणून शेजारी फॉर्म आणि पेन ठेवलं. कुलूप लावून किल्ली खिशात घातली आणि विकला घेऊन समोरच्या बाकावर बसला. बाहेर भर दुपारी धुकं होतं. तासाभराने कपाटातून हाड फुटल्याचा आवाज आला.

विकने नॉर्मनचा हात धरला. नॉर्मनने तो सोडवला नाही.

कुलूप उघडलं. ताट लखलखीत होतं. फॉर्म भरलेला होता, आणि शाई अजून ओली होती.

'नाव: रे टटल. काय स्वीकारलंत: चिकन. कॉलेजला काय दिलंत: जीव. आणखी काही: माझ्या नंबरचा शर्ट तुमच्या दुकानात नव्वद डॉलरला विकतात. मला एक मिळेल का? इथे फार गारठा आहे.'

विक सुटला. पण कोच बोडीनने फॉर्म वाचला आणि तो बाकावर बसलाच.

"देऊन टाक रे शर्ट!"

"फुकट? शिष्यवृत्तीबाहेर?" नॉर्मन म्हणाला. "नाही देता येत. जो खेळतो त्यालाच टीमचा शर्ट."

कोच उठून कपाटापाशी गेला.

"नॉर्मन, नियमाने चार वर्षं खेळता येतं ना? याची किती झाली?"

नॉर्मनने सवयीने खेळाडूंची नोंदवही उघडली.

"दोन. दोन शिल्लक आहेत."

संध्याकाळी कोचने स्वतःच्या हाताने शर्ट कपाटात टांगला. शनिवारी सकाळी तिथे नुसता हँगर होता.

सामना सुरू होणार होता. मैदानात बारा खेळाडू उतरले तर दंड होतो, म्हणून नॉर्मनने नेहमीप्रमाणे आपले खेळाडू मोजले. बारा भरले. त्याने पुन्हा मोजले. बाराच.

पंचांनी अकरा मोजले आणि खेळ सुरू करायची शिट्टी वाजवली.

उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच नॉर्मनने तक्रार केली नाही.