ऑइलपेंटचे अपूर्णांक

अपूर्णांक शिकवण्यात अख्ख्या जिल्ह्यात माझा हात धरणारं कोणी नाही, हे मी तुम्हाला आधीच सांगून ठेवतो. स्वतःच्या तोंडाने सांगतोय, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

आता सहामाहीच्या पेपरात माझ्या सहावीने एक चतुर्थांश हा एक तृतीयांशापेक्षा मोठा ठरवला, ही गोष्ट वेगळी. का, तर चार हे तीनपेक्षा मोठे. एकाने नाही, दोघांनी नाही, सगळ्या वर्गाने! मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला खोलीत बोलावून घेतलं.

"सर, पेपर बघितलेत?"

"बघितले. पण बाई, वर्गाची एकी बघा ना."

"पुढच्या चाचणीत अशीच एकी दिसली तर सहावीचं गणित मी खेळाच्या सरांना देणार आहे."

सहावीवर माझा जीव आहे हो. आणि खेळाचे सर माणूस सज्जन, पण कुठल्याही अडचणीवर त्यांच्याकडे एकच उपाय, मैदानाला फेरी. माझी पोरं अपूर्णांकापायी वर्षभर पळत राहिली असती.

त्याच सुमाराला जिल्ह्याच्या शिक्षण कचेरीने एक टूम काढली. आसपासच्या शाळांतल्या गणिताच्या शिक्षकांनी शनिवारी दुपारी एकत्र बसायचं आणि सगळ्यांनी मिळून एक धडा बांधायचा. मग एकाने तो आपल्या वर्गावर घ्यायचा आणि बाकीच्यांनी बाजूला बसून पोरं काय करतात ते बघायचं. नुसतं बघायचं, तोंड उघडायचं नाही. शिक्षकांना तोंड उघडू नका म्हणणारा माणूस कधी शाळेत गेला होता की नाही, देव जाणे.

या मंडळात माझी बायकोसुद्धा होती. ती पलीकडच्या शाळेत गणित शिकवते. घरात आम्ही गणितावर चकार शब्द काढत नाही. संसार करायचा असतो.

पहिल्याच बैठकीत तिने आपली कल्पना मांडली. व्हरांड्यात खडूने लांब रेघ ओढायची. एका टोकाला शून्याची पाटी, दुसऱ्या टोकाला एकाची. पोरांच्या हातात कार्डं द्यायची, अर्धा, एक तृतीयांश, एक चतुर्थांश. ज्याला जिथे वाटेल तिथे त्याने उभं राहायचं.

"आणि चुकीच्या जागी उभी राहिली तर?" मी विचारलं.

"राहू देत. कुठे चुकतात तेच तर बघायचंय."

"माझी पोरं चुकणार नाहीत," मी म्हणालो. बायकोने माझ्याकडे नुसतं बघितलं. ते बघणं मला चांगलं ओळखीचं आहे.

चष्मेवाले सर म्हणून एक शांत गृहस्थ होते. ते म्हणाले, "मग सर, तुमच्याच वर्गावर घेऊ या की." झालं. मोठ्या बाई येणार, कचेरीतले साहेब येणार आणि मी हो म्हणून बसलो. कामं वाटली गेली. रेघ माझ्याकडे, कार्डं चष्मेवाल्या सरांकडे, पाट्या बायकोकडे.

घरी येताना माझ्या डोक्यात चक्र सुरू झालं. एवढ्या लोकांसमोर पोरं चुकली तर सहावी गेलीच म्हणून समजा. तेव्हा थोडी तजवीज करायला काय हरकत आहे? खडूची रेघ पुसली जाते, आपण ऑइलपेंटने ओढू. काम कसं कायमचं! आणि रेघेवर तीन ठिपके काढू. लाल चतकोराचा, पिवळा एक तृतीयांशाचा, निळा अर्ध्याचा. बघणाऱ्याला वाटेल, शोभेसाठी काढलेत.

धड्याच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर चित्रकलेच्या बाईंकडून डबे मागून घेतले आणि कामाला लागलो. माझ्या वर्गाच्या दाराकडे शून्य धरलं, तिथून टेप लावून अगदी काटेकोर मापाने ठिपके काढले. जाडसर काढले, उठून दिसावेत म्हणून. कंबरेचा काटा ढिला झाला, पण काम असं देखणं झालं की घरी जाताना मी दोनदा मागे वळून बघितलं.

सकाळी वर्गात चष्मेवाल्या सरांची कार्डं वाटली आणि पोरांना हळूच सांगून टाकलं, "चतकोरवाल्यांनी लालवर, एक तृतीयांशवाल्यांनी पिवळ्यावर, अर्धेवाल्यांनी निळ्यावर. एकामागे एक. प्रश्न विचारायचे नाहीत."

"का पण सर?" आमच्या वर्गात एक वकीलबाई आहे. फळ्यावर तारीख लिहिली तरी तिचा पहिला प्रश्न, कशावरून?

"तू तर आज तोंडच उघडायचं नाहीस," मी म्हणालो. ती फुरंगटून बसली.

पोरांना घेऊन बाहेर आलो. पाहुणे ऑफिसच्या बाजूला खुर्च्यांवर बसले होते. बायको पाट्या लावून नुकतीच जागेवर बसत होती. मी पाट्यांकडे बघितलं.

शून्य ऑफिसच्या टोकाला! एक माझ्या वर्गाच्या दाराशी!

तिची काही चूक नाही. पाहुणे त्या बाजूला, म्हणून तिने शून्य त्यांच्याकडून सुरू केलं. ठिपक्यांची गोष्ट मी तिला सांगितली कुठे होती? ती सांगायची नव्हतीच ना.

"करा सुरू," साहेब म्हणाले.

मी तोंड उघडेपर्यंत पोरं कवायतीला निघाल्यासारखी आपापल्या ठिपक्यावर जाऊन उभीसुद्धा राहिली. इतक्या शिस्तीत ती आयुष्यात कधी वागली नव्हती. अर्धेवाले मधोमध, ते ठीक. पण एक तृतीयांशवाले त्यांच्या पुढे आणि चतकोरवाले त्यांच्याही पुढे, थेट एकाच्या पाटीजवळ. म्हणजे सहामाहीतली चूक जशीच्या तशी, फक्त आता उभ्याने आणि रंगीत.

मोठ्या बाईंनी मान हलवली. खेळाचे सर काही कामाने तिथून चालले होते, ते थांबले आणि माझ्या वर्गाकडे मायेने बघायला लागले. ठिपके उलटे पडलेत म्हणावं, तर ठिपके काढले कोणी आणि कशाला, हे सांगावं लागणार.

इतक्यात चतकोरवाल्यांच्या रांगेतून आवाज आला, "मी इथे उभी राहणार नाही."

वकीलबाई!

"अगं, सरांनी सांगितलंय ना," तिच्या मागचा कुजबुजला.

"सांगू देत. चतकोर अर्ध्यापेक्षा कमी की जास्त?"

"कमी."

"मग तो अर्ध्याच्या पुढे कसा जाईल? शून्य तिकडे आहे. कमीवाले शून्याजवळ नकोत का?"

"पण मग एक तृतीयांश कुठे?" पिवळ्यावरून कोणीतरी विचारलं.

"एकच वडी तिघांत वाटली तर तुला जास्त मिळेल की चौघांत?"

"तिघांत."

"मग तू माझ्यापेक्षा मोठा. पण अर्ध्यापेक्षा लहान. ये माझ्याबरोबर."

आणि काय सांगू तुम्हाला, जुंपली की हो! कोणी बोटांवर मोजतंय, कोणी पावलांनी रेघ मोजतंय, एकजण तर कार्डाच्या घड्या घालून दाखवतोय. माझ्या तासाला हूं की चूं न करणारी पोरं अपूर्णांकावरून हातघाईवर आली होती. आणि शेवटी सगळी वरात निळ्या ठिपक्याला वळसा घालून बरोबर जागी जाऊन पोचली. पण रंग अजून ओलाच होता. व्हरांडाभर लाल आणि पिवळे बूट उमटले, चुकीच्या जागेपासून बरोबर जागेपर्यंत.

साहेब खुर्चीतून उठले. "वा सर! मुद्दाम चुकीच्या खुणा केल्यात! पोरांनाच चूक शोधायला लावली. आणि पावलं उमटायला ओला रंग! हे कसं सुचलं तुम्हाला?"

मी नम्रपणे हसलो. खेळाचे सर निघून गेले. सहावी वाचली होती. फक्त गप्प राहायचं होतं मला.

"सर," वकीलबाईने हात वर केला, "खरंच मुद्दाम केलं होतं? मग प्रश्न विचारू नका असं का सांगितलंत?"

मी बायकोकडे बघितलं. तिला एव्हाना सगळा उलगडा झालेला होता, पण तोंड उघडायचं नाही हा नियम तिने पाळला. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा, तेही अशा वेळी.

पोरगी माझ्याकडे बघत होती. एवढं बरोबर बोललेल्या पोरीला मी थाप मारणार? नाही जमलं मला.

"नाही गं," मी म्हणालो. "तुम्ही चुकू नये म्हणून काढले होते ठिपके. पण मी या टोकाकडून मोजलं. शून्य त्या टोकाला येईल हे माझ्या लक्षातच आलं नाही. चुकलो मी."

साहेब खाली बसले. मोठ्या बाईंनी डोळे मिटून घेतले. संपलं, मी मनात म्हटलं, उद्यापासून सहावी मैदानात.

आणि चष्मेवाल्या सरांनी नियम मोडला.

"अहो, थांबा जरा. शून्य कुठे आहे ते न बघताच मोजलंत? आमची पोरं रेघेवर नेमकी हीच चूक करतात. मला इतकी वर्षं वाटायचं, त्यांना अपूर्णांकच कळत नाही."

"आमच्याकडेही," बायको म्हणाली. "शून्य उजवीकडे ठेवून रेघ दिली की निम्मी गारद."

मग तोंड न उघडण्याचा नियम गेला उडत. सगळे शिक्षक रेघेवर उतरले, बूट रंगले, पाट्या उलटसुलट लावून पोरांना पुन्हा पुन्हा उभं करून झालं. मोठ्या बाईसुद्धा एकदा पाऊण म्हणून उभ्या राहिल्या. जाता जाता मला म्हणाल्या, "सहावी तुमच्याकडेच राहू दे. फरशी तेवढी घासून द्या."

फरशी घासली, पण रंग काही निघाला नाही. पुढच्या चाचणीत मात्र माझी पोरं छान निघाली. पलीकडच्या शाळेतलीही निघाली, आणि घरात आता जेवताना गणितावर बोलणं होतं. संसार शाबूत आहे.

मंडळ अजून दर शनिवारी बसतं आणि मला तिथे कायमचं काम मिळालंय. धडा पोरांसमोर न्यायच्या आधी माझ्यावर करून बघतात. मी जिथे अडखळतो, तिथे निम्म्या जिल्ह्यातली पोरं अडखळतात, असा सगळ्यांचा अनुभव आहे. परवा दशांशाचा धडा होता. मी एकही चूक न करता शेवटपर्यंत पोचलो आणि ऐटीत सगळ्यांकडे बघितलं.

चष्मेवाल्या सरांनी चष्मा काढून पुसला. "सर," ते काळजीने म्हणाले, "आज तुमचं कामात लक्ष दिसत नाही."