मावशीच्या वाटणीची गोळी

"मावशीच्या पोटात पट्टकृमी, म्हणजे चपटे जंत, आहेत," असं म्हणून डॉक्टरीणबाईंनी तपासणीचा कागद टेबलावर ठेवला, आणि खोलीतले सगळे भाच्याकडे बघू लागले. मावशी म्हणजे प्राणिसंग्रहालयातली म्हातारी ओरांगउटान आणि भाचा म्हणजे तिचा राखणदार. बावीस वर्षं तिचा पिंजरा झाडून त्याला हे नातं चिकटलं होतं. बायकोसुद्धा रागावली की, "जा तुमच्या मावशीकडे," म्हणायची.

संग्रहालयाचे साहेब आवाज चढवत नसत. ते गोड बोलत, आणि तेच वाईट असे.

"तीन दिवस गोळ्या द्या. आठ दिवसांनी पुन्हा तपासू. तेव्हाही जंत निघाले तर तुम्ही कासवांकडे जा. तिकडे शांतता असते."

कासवांशी भाच्याचं काही वाकडं नव्हतं, पण सकाळी तो दिसला की कासव काही टाळ्या पिटत येणार नव्हतं.

गोळी केळ्यात दडवून द्यायची होती. पण मावशीची एक रीत होती. भाच्याच्या हातचं काहीही मिळालं की ती ते मोडायची, अर्धं त्याला द्यायची आणि तो गिळेपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत बसायची. त्याने खाल्लं नाही तर तीही उपाशी. पहिल्या दिवशी तिने केळं हुंगलं, मोडलं आणि गोळी असलेला अर्धा भाग मोठ्या मायेने गजांतून त्याच्या हातावर ठेवला.

"अगं, हे तुझं आहे."

मावशीने तोंड फिरवलं. भाच्याने मुकाट्याने गोळी गिळली. दुसऱ्या दिवशी त्याने गोळी टोकाला खुपसली, तर मावशीने नेमकं तेच टोक त्याला दिलं. तिसऱ्या दिवशी उकडलेला बटाटा आणला. तिने बोटाने आतली गोळी चाचपली आणि पाहुण्याला आग्रह करावा तशी ती पुढे केली. तिन्ही दिवस भाच्याने नोंदवहीत "औषध दिले" असं लिहिलं. ते काही खोटं नव्हतं. कोणी घेतलं, असा रकानाच वहीत नव्हता.

घरी वेगळीच पंचाईत झाली. वर्षभर दोन माणसांचं जेवणारा नवरा अचानक निम्म्यावर आला.

"बाहेर कुठे खाऊन येता?" बायकोने विचारलं.

"मावशीकडे," भाचा म्हणाला, आणि त्या रात्री ती त्याच्याशी बोलली नाही.

आठव्या दिवशी मावशीचे जंत जागच्या जागी होते. डॉक्टरीणबाई चक्रावल्या. "एवढं जालीम औषध गेलं कुठे? आता भूल देऊन सुई टोचावी लागेल. या वयात भूल म्हणजे धोकाच आहे."

भूल म्हटल्यावर भाच्याला राहवलं नाही. कासवं तर कासवं, असं म्हणून त्याने सगळं कबूल केलं.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला. "गोळ्या घेतल्यावर तुम्हाला काही फरक पडला?"

"भूक कमी झाली. पोटात गुडगुडायचं, तेही थांबलं."

"म्हणजे जंत आधी तुम्हाला होते. तुमच्या हातांवरून ते मावशीकडे गेले."

भाच्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बावीस वर्षं बिचारी आपल्या घासातला घास देत आली, आणि त्याने तिला काय दिलं, तर हे.

"कासवांकडे," साहेब गोड आवाजात म्हणाले.

"मुळीच नाही," बाई म्हणाल्या. "कासवांना लागण झाली तर कोण निस्तरणार? लागण झालेल्याला वेगळं ठेवायचं, असा आपलाच नियम आहे. तीन तपासण्या स्वच्छ येईपर्यंत हे प्राण्यांच्या विलगीकरणात राहतील. तिथे दोनच खोल्या आहेत. एकीत मावशी, शेजारी हे. आणि गोळ्या केळ्याच्या दोन्ही टोकांत."

साहेबांनी नियमाचं पुस्तक उघडलं, वाचलं आणि मिटलं.

रविवारी बायको तिकीट काढून आत आली, कारण फाटकावरचा माणूस नातं ऐकून घेईना. हातात जेवणाचा डबा होता. गजांच्या पलीकडे भाचा अंघोळ करून, भांग पाडून बसला होता, आणि मधल्या जाळीतून मावशी त्याच्या शर्टाचं बटण तपासत होती. बायकोने डबा पुढे केला, तेवढ्यात भाच्याच्या बदलीवर आलेला कासववाला धावत आला.

"वहिनी, बाहेरचं खायला देऊ नका, पाटी आहे. आणि इतक्या जवळ उभ्या राहू नका. तो काही करत नाही, पण तिला आवडत नाही."