आधी टायर, मग माणूस

आमच्या सोसायटीत कुणी नवीन राहायला आलं की धुरीकाका त्याचं तोंड बघत नाहीत. ते त्याच्या गाडीचे टायर बघतात. गाडीभोवती एक फेरी मारतात, गुडघ्यांवर हात ठेवून वाकतात, टायरच्या कडेवर उमटवलेले आकडे वाचतात आणि मग मान वर करून विचारतात, "कुठून आलात?" तोवर माणूस कसा आहे हे त्यांचं ठरलेलं असतं.

बी विंगमधल्या एका शांत, सज्जन गृहस्थांबद्दल ते अजूनही म्हणतात, "माणूस बरा आहे, पण पुढचे टायर एका कडेने खाल्लेत. काहीतरी लपवतोय."

गंमत म्हणजे काकांकडे स्वतःची गाडी नाही. कधीच नव्हती. लायसन्ससुद्धा नाही. मला आधी वाटलं, ते टायरच्या धंद्यात असतील. तर तसंही नाही. आमच्या इथल्याच, विक्रोळीतल्या एका कारखान्यात ते रंगखात्यात होते, तिथूनच रिटायर झाले. काकू गेल्यापासून तिसऱ्या मजल्यावर एकटेच राहतात. मग हे टायरचं वेड आलं कुठून? मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "वेड कसलं रे? बघितलं की दिसतं."  धुरीकाकांशी बोलल्यावर माणूस आधीपेक्षा थोडा जास्तच गोंधळतो, हा आमच्या अख्ख्या विंगचा अनुभव आहे.

शिवाय ते दर वेळी बरोबरच असतात असंही नाही. चेअरमननी नवी कोरी गाडी आणली तेव्हा काका म्हणाले, "हवा कमी आहे. खालून फुगलाय बघ." चेअरमन म्हणाले, हल्लीचे टायर खालून तसेच दिसतात. काका ऐकेनात. शेवटी कुणीतरी हवा मोजायचं गेज आणलं. हवा अगदी बरोबर निघाली. काकांनी गेज हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, "ह्याचीच तब्येत बरी नाही."

माझा मेहुणा एकदा चकचकीत अलॉय व्हील आणि त्यावर भले रुंद टायर लावून आला. टायर गाडीच्या बाहेर डोकावत होते. काकांनी फेरी मारली आणि एवढंच म्हणाले, "पाय मोठा असला की चप्पल मोठी घेतात. चप्पल मोठी घेतली म्हणून पाय वाढत नाही." तेव्हापासून मेहुणा आमच्याकडे येतो तो रिक्षाने. गाडी कुठे ठेवली विचारलं की विषय बदलतो.

असो. मी सांगायला बसलोय ती गोष्ट माझ्या गाडीपासून सुरू होते.

गणपतीच्या आधी मी एक सेकंडहँड गाडी घेतली. आईला गावी न्यायचं होतं. तिचे गुडघे गेलेत, बसचा प्रवास झेपत नाही. गाडी आणली, बायकोने, म्हणजे स्मिताने, हार घातला, नारळ फोडायला मी हात वर केला, तेवढ्यात गाडीच्या मागून आवाज आला, "थांब. ह्याचा जन्म कधीचा?"

काका मागच्या टायरपाशी उकिडवे बसले होते.

"कुणाचा जन्म, काका?"

"ह्याचा. हे शेवटचे चार आकडे बघ. पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल. टायर कधी बनला ते लिहिलेलं असतं. हा तुझ्या लग्नाला आला असता."

मी वाकून बघितलं. टायर काळाभोर, चकचकीत होता. खाचा खोल होत्या. मला तर तो गाडीपेक्षा नवीन वाटत होता. तसं मी म्हणालो.

"वरून झकास, आतून म्हातारा," काका म्हणाले. त्यांनी अंगठ्याच्या नखाने कडेवरचं पॉलिश खरवडलं. खाली बारीक बारीक भेगा होत्या, उन्हाळ्यात टाचेला पडतात तशा. "चालला नाही म्हणून झिजला नाही. पण रबर बसून बसूनही म्हातारं होतं. पुढचे दोन ठीक आहेत. हे मागचे दोन घेऊन घाटात जायचं नाही. मी सांगतंय ता आयक."

ज्याने गाडी विकली त्याला मी फोन केला. तो म्हणाला, टायर एकदम कडक आहेत, बिनधास्त जा. नाक्यावरच्या पंक्चरवाल्याला दाखवले. तो म्हणाला, अजून एक गणपती निघेल. ऑफिसातला एकजण म्हणाला, चारही बदल. दुसरा म्हणाला, काही बदलू नकोस, फक्त नायट्रोजन भर. मी नायट्रोजनबद्दल काकांना विचारलं, तर म्हणाले, "साध्या हवेत जास्त करून तोच असतो. कुठलीही भर, पण गाडी थंड असताना मोज." रात्री झोपताना मी स्मिताला म्हणालो, मला प्रत्येकाचंच पटतंय. ती म्हणाली, तुझा तोच प्रॉब्लेम आहे.

शेवटी आम्ही तिघं घाटकोपरच्या एका टायरच्या दुकानात गेलो. मी, स्मिता आणि काका. काकांना कुणी बोलावलं नव्हतं, पण ते गेटवर इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते. दुकानदाराने दोन नवे टायर काढले आणि म्हणाला, हे पुढे बसवतो, पुढचे मागे टाकतो. इंजिन पुढे, स्टिअरिंग पुढे, नवीन माल पुढेच पाहिजे.

"नवे मागे," काका म्हणाले.

"काका, सगळे पुढेच घालतात."

"घालू देत. पुढचा घसरला तर हातातलं स्टिअरिंग सांगतं, माणूस सावरतो. मागचा घसरला तर गाडीच फिरते. तेव्हा कोण सांगणार?" मग माझ्याकडे वळून त्यांनी हात पालथा करून दाखवला. "एक टायर रस्त्याला टेकतो तो एवढाच. एका तळहाताएवढा. अख्खं घर घेऊन तू चार तळहातांवर चालला आहेस."

दुकानदार माझ्याकडे बघत होता. काका माझ्याकडे बघत होते. दोघांचंही म्हणणं मला पटत होतं. मी दुकानातल्या कॅलेंडरकडे बघत राहिलो.

"मागे घाला," स्मिता म्हणाली. बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, तुला कसं कळलं काकांचं बरोबर आहे ते? ती म्हणाली, "मला कुठे कळलं? काका रोज भेटणार आहेत, दुकानदार नाही."

निघायच्या आदल्या दिवशी काका हवा तपासायला आले. गाडीच्या दाराच्या आतल्या बाजूला एक स्टिकर असतो, त्यावर माणसं आणि सामान भरून निघायचं असेल तर किती हवा हवी ते लिहिलेलं असतं. गाडी माझी, पण स्टिकर मला काकांनी दाखवला. आई खाली खुर्ची टाकून बसली होती. तिने सहज विचारलं, "तुम्ही चतुर्थीक गावी नाय जात?"

"सुट्टी नाय गावत," काका म्हणाले आणि पुढच्या चाकाकडे गेले.

मी आणि स्मिता एकमेकांकडे बघत राहिलो. काका रिटायर होऊन जमाना झाला. यांना सुट्टी कोण देणार होतं? आई मात्र गोंधळली नाही. मालवणी माणूस चतुर्थीला मुंबईत थांबतो म्हणजे काय, ते तिला विचारावं लागत नाही. ती म्हणाली, "आमच्याबरोबर चला. आमच्या गणपतीक चला. टायर नवे आहेत, वाटेत बघूक कोणतरी होयो ना?"

काकांनी बराच वेळ गेजमध्ये डोकं घातलं. मग म्हणाले, "हां, तसं बघूक होयो."

दुसऱ्या दिवशी पहाटे ते एक पिशवी घेऊन खाली हजर होते.

प्रवासाबद्दल फार सांगत नाही. हायवेवर गणपतीची गर्दी होती आणि आम्ही इतरांपेक्षा जास्त वेळा थांबलो. दर थांब्याला काका उतरून चारही टायरजवळ तळहात नेत, ताप बघितल्यासारखा. एका पंपावरचा माणूस म्हणाला, हवा जास्त दाखवतेय, थोडी काढतो. काकांनी त्याचा हातच धरला. "गरम टायर जास्तच दाखवणार. आता काढलीस तर थंड झाल्यावर कमी पडेल." मला दोघांचंही खरं वाटलं. मी बिस्किटं आणायला गेलो.

कणकवलीच्या थोडं अलीकडे काका अचानक म्हणाले, "बाजूला घे जरा. मागचा डावा बघतो."

मी गाडी थांबवली. काका उतरून चाकाशी बसले. बराच वेळ झाला तरी उठेनात, म्हणून मीही उतरलो. त्यांचा हात टायरवर होता, पण नजर टायरवर नव्हती. तिथून एक लाल रस्ता शेतांमधून आत जात होता. त्या रस्त्याकडे ते बघत होते.

आईने काच खाली केली. "तुमचो गाव हयच काय ओ?"

काका हो म्हणाले. आणि मग तसेच उकिडवे बसून, आमच्यापैकी कुणाकडेही न बघता, त्यांनी सांगितलं.

आत त्यांचं घर होतं. धाकटा भाऊ तिथे राहायचा, गणपती तोच बसवायचा. काका-काकू दर चतुर्थीला यायचे. भावाकडे जीप होती. एका चतुर्थीला भावाच्या मुलीचे सासरचे लोक पहिल्यांदाच घरी आले होते. सगळ्यांनी देवीच्या दर्शनाला जायचं ठरवलं. बायकापोरं मागे दाटीवाटीने बसली. काकांना मागच्या टायरच्या कडेला एक फुगा दिसला, लिंबाएवढा. तेव्हा त्यांना टायरमधलं काही कळत नव्हतं. पण तो फुगा त्यांना आवडला नाही. त्यांनी भावाला सांगितलं. भाऊ हसला. काल चालवली, परवा चालवली, आजच काय होतंय? आणि चहा प्यायला आत गेला.

"मी चारही चाकांची हवा सोडली," काका म्हणाले.

गावात पंप नव्हता. नटूनथटून बसलेली माणसं एकेक करून खाली उतरली. व्याही काही बोलले नाहीत, तेच भावाला जास्त लागलं. त्याने सगळ्यांसमोर काकांना सांगितलं, पुन्हा माझ्या दारात येऊ नकोस. काका आणि काकू त्याच दुपारी निघाले.

"आणि टायर?" मी विचारलं.

"त्याने नंतर बदलला म्हणे." काकांनी टायरवरून हात काढला. "फुटला असता तर मी शहाणा ठरलो असतो. फुटला नाही, म्हणून येडा. पण फुटायला पाहिजे होता असं कसं म्हणू? आत पोरं होती रे. मग मुंबईला येऊन मी विचारत सुटलो. ह्या दुकानात जा, त्या गॅरेजात जा. असा फुगा आला की टायर फुटतो का? कोण म्हणतो फुटतोच, कोण म्हणतो महिनाभर चालतो. विचारता विचारता बाकीचं सगळं कळलं. तेवढं मात्र नाही."

 मग आई मला म्हणाली, "गाडी आत घे."

"नको," काका म्हणाले. "त्याने दारात येऊ नको म्हणून सांगितलंय."

"ता तुमका सांगितल्यान," आई म्हणाली. "आमका काय सांगूक नाय. आमी पाणी पिऊक जातो. तुम्ही गाडीत बसा."

या युक्तिवादात कुठेतरी चूक आहे असं मला वाटलं, पण ती सापडेपर्यंत गाडी लाल रस्त्यावर वळली होती.

घर कौलारू, बुटकं होतं. अंगणात कुणी नव्हतं. आई, स्मिता आणि मी आत गेलो. ओटीवर झाकलेला गणपती पाटावर ठेवला होता. त्याच्या वर बांधायची माटवी, म्हणजे लाकडी पट्ट्यांची चौकट, तिला बांधलेल्या हिरव्या डहाळ्या आणि रानफळं यांच्यासकट खाली पडली होती. तिच्याशेजारी उघड्या अंगाचा एक म्हातारा कमरेवर हात ठेवून उभा होता. चेहरा थेट काकांचा. घरातले बाकीचे बाजाराला गेले होते. तो चौकट एकट्यानेच वर चढवत होता आणि एक टोक बांधलं की दुसरं सुटून खाली येत होतं, असं दिसत होतं.

आईने पाणी मागितलं. त्याने आणून दिलं, आणि देता देता त्याची नजर अंगणातल्या गाडीवर गेली. मागच्या सीटवर काका समोर बघत ताठ बसले होते, फोटो काढायला बसल्यासारखे.

म्हातारा ओटीवरून खाली उतरला. गाडीपाशी जाऊन उभा राहिला. मला वाटलं, आता काहीतरी होणार, आपण मध्ये पडावं का? मी ओटीची एक पायरी उतरलो, पुन्हा वर चढलो. म्हाताऱ्याने काचेवर बोटाने टकटक केलं. काकांनी काच खाली केली.

"माटवेचा दुसरा टोक धरूक कोण नाय," भाऊ म्हणाला. "गाडयेत बसान काय करतंस?"

काका उतरले. चपला पायरीशी काढल्या आणि आत आले. भाऊ स्टुलावर चढला, काकांनी खालून चौकटीचं दुसरं टोक दोन्ही हातांनी उचलून धरलं. मी मदतीला पुढे झालो, तर आईने माझा शर्ट मागून ओढला.

भाऊ सुंभाच्या दोरीने चौकटीचं टोक छताच्या वाशाला बांधू लागला. मग गाठ मारता मारता, खाली न बघता, भावाने विचारलं, "त्या दिवशी टायर फुटलो असतो काय रे?"

काकांचे हात वर होते. डोळ्यांत डहाळीची पानं येत होती, ती त्यांना बाजूला करता येत नव्हती.

"काय म्हायत," ते म्हणाले. "खूप जणांक विचारलंय."

"माकाव नाय म्हायत," भाऊ म्हणाला. त्याने गाठ ओढून बघितली. "जरा वर धर."