बोट सुटायच्या आधी

राहीबाई चौथ्या दिवशीही मधेच उठली, तेव्हा दारावरच्या बिराप्पानं तिला अडवलं.

"बाई, सिनेमा अजून लय हाय. बोट सुटलीबी न्हाई."

"म्हणून तर निगाले," राहीबाई म्हणाली.

सन शेहेचाळीसचा उन्हाळा होता. इस्लामपुरात तंबूतला सिनेमा आला होता. लढाईत शिपायांनी भरलेली एक बोट समुद्रात बुडाली, त्या खऱ्या हकिगतीवरचा. बुडणारे सगळे नट होते. पण आधी धक्क्यावरून शिडी चढणारे शिपाई खरे, लढाईतल्या चित्रांतून घेतलेले. त्यांतला एक डावा खांदा उचलून चालायचा. राहीबाईचा नवरा अर्जुना अगदी तसाच चालायचा. चार वर्षांपूर्वी तो पलटणीबरोबर गेला. लढाई संपली तरी परतला नव्हता, आणि गेले सात महिने पत्रही नव्हतं.

पडद्यावरचा तो शिपाई पाठमोराच दिसे. शिडी चढेपर्यंत राहीबाई त्याला डोळे भरून बघायची आणि तो वर पोचला की उठायची. पुढचं बघितलं तर ते खरं होईल, अशी तिला धास्ती होती.

पण ती एकटी उठत नसे. शेजारची साळूबाई सोबतीला आलेली, म्हणून तीही उठे. वस्तीवरच्या बाकीच्या सातजणी त्याच बैलगाडीतून आलेल्या. गाडी चुकेल म्हणून त्याही उठत. तिसऱ्या दिवशी बायका एकदम उठलेल्या बघून पुरुषांच्या बाजूला कुणीतरी "साप निघाला वाटतं" म्हणालं. मग जो तो पळत सुटला, एक खांब पडला आणि अर्धा तंबू बिराप्पाच्या अंगावर आला.

"उद्यापासनं दाराशी बसा," आता साळूबाईकडून सगळं ऐकून बिराप्पा हात जोडून म्हणाला. "तुमचं मालक चढलं की एकट्याच गुपचूप भायेर जावा."

पाचव्या दिवशी राहीबाई दाराशी पोत्यावर बसली. शिडी आली, शिपाई चढू लागले, आणि नेमका त्याच वेळी खांद्यावर ट्रंक घेतलेला कुणी माणूस आत शिरून उजेडाच्या झोतात उभा राहिला. त्याची सावली सगळ्या शिडीवर पडली.

"आवं, खाली बसा की," राहीबाई कळवळून म्हणाली. "आमचं मालक चढाय लागल्यात."

सावली हलली नाही.

"कुठं चढाय लागल्यात?" आवाज आला. "घराला कुलूप, तू हितं, आन् मी कवाधरनं तुला हुडकतोय."

राहीबाई बसल्या जागी थिजली. अर्जुनानं ट्रंक खाली ठेवली आणि तिच्याशेजारी टेकला. इस्पितळात होतो, आता स्वतःच जावं म्हणून पत्र टाकलं नाही, असं काहीतरी तो सांगत होता. ती त्याच्या मनगटाला घट्ट धरून पडद्याकडे बघत होती.

"मग ह्यो कोन?"

अर्जुनानं निरखून पाहिलं. "आमच्या पलटणीतला न्हाई. वळखत न्हाई मी."

शिपाई वर पोचला. बिराप्पानं सवयीनं दाराचा पडदा उचलून धरला. पण राहीबाई उठली नाही. बोट सुटली, समुद्रात गेली, बुडाली. राहीबाई हमसून हमसून रडू लागली.

अर्जुनाला काही उमजेना. "राहे, मी आलोय की. मग रडतीस कशाला?"

"तुमी आलासा," ती पदरानं डोळे पुसत म्हणाली. "ह्येची बायकू अजून कुठल्या तरी तंबूत शिडीपातुरच बघत आसंल."