बोलका दरवाजा

"या तुरुंगात किल्ली नावाची वस्तूच नाही," बूट चढवता चढवता आर्किटेक्टसाहेब म्हणाले. "किल्ली नाही म्हणून किल्लीवाले नाहीत, किल्लीवाले नाहीत म्हणून पगार नाहीत. एकच शिपाई टेबलावरच्या माइकात 'उघड' म्हणणार, की दार उघडलं. आज तुरुंग खात्याचे मोठे साहेब पाहायला येताहेत. त्यांची मान डोलली तर पुढचे चार तुरुंग माझे. नाही डोलली तर आहेतच पुन्हा गोदामं आणि सार्वजनिक मुताऱ्या."

बायकोने न्हाणीघराच्या मोडक्या कडीकडे बोट दाखवलं. सहा महिने ते दार बादली टेकवून लावलं जात होतं. ती बोलली नाही. गुरुवारी सूर्य मावळेपर्यंत तिचं मौन असे.

"मी चारशे माणसं कोंडायला निघालोय आणि तू कडीचं काय घेऊन बसलीस? बरं, तुझ्या मौनाने आजवर कुणाचं काही अडलंय का?"

एवढं बोलून ते गेले. डबा घरीच राहिला.

नव्याकोऱ्या, रिकाम्या तुरुंगात मोठे साहेब स्वतः गाडी हाकत आले. काटकसर म्हणून त्यांनी ड्रायव्हरलाही सुट्टी दिली होती. नियमाप्रमाणे फोन कुणीच आत आणले नव्हते. साहेब कोठडीत शिरले, मागोमाग आर्किटेक्ट. मोठ्या माणसाला उभं कसं ठेवायचं, म्हणून शिपाई बाहेरच्या टेबलापासची आपली खुर्ची घेऊन धावला. तिघे आत आले आणि दार आपोआप लागलं.

"आता उघडा," साहेब म्हणाले.

"उघडतं की. टेबलापाशी बसलेल्या माणसाने नुसतं म्हणायचं..." आर्किटेक्टसाहेबांनी शिपायाकडे पाहिलं. शिपायाने खुर्चीकडे पाहिलं.

"आतून ओरडलं तर?"

"छे हो. मग कैदीच नाही का ओरडणार?"

दुपार कलताना जाळीपलीकडे बायको दिसली, हातात डबा. आर्किटेक्टसाहेबांचा जीव भांड्यात पडला.

"आलीस? देवासारखी आलीस. त्या माइकात फक्त 'उघड' म्हण."

तिने ओठांवर बोट ठेवलं. मग खिडकीतल्या सूर्याकडे दाखवलं. तो अजून चांगला दोन हात वर होता.

"वहिनी, तीनच अक्षरं आहेत," मोठे साहेब काकुळतीला आले.

तिने नम्रपणे हात जोडले, जाळीखालच्या फटीतून डबा आत सरकवला आणि टेबलापाशी जपमाळ घेऊन बसली. तिघांनी विनवलं, रुसून पाहिलं, साहेबांनी तर हुकूम सोडला. ती शांतपणे मणी ओढत राहिली. शेवटी तिघांनी निमूटपणे एकाच डब्यातलं वाटून खाल्लं.

सूर्य बुडाला. तिने डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. तिघेही उभे राहिले. ती माइकाकडे वाकली आणि हळूच म्हणाली, "न्हाणीघराची कडी?"

"आज बसवतो. आत्ता घरी गेलो की लगेच."

"मी जामीन," मोठे साहेब म्हणाले.

"उघड."

बाहेर येताच साहेबांनी नकाशावर सही ठोकली. "मंजूर. अट एकच, टेबलापाशी वहिनी बसतील. सगळी दुपार घशाला कोरड पडेपर्यंत विनवलं, एक शब्द सुटला नाही. असा पहारा पगार मोजूनही मिळायचा नाही."

आर्किटेक्टसाहेबांनी त्याच रात्री कडी बसवली. चांगली भक्कम, चार स्क्रूंची. बायकोने दार आतून लावायला हात फिरवला, तर हाताला कडीच लागेना.

धंद्याच्या सवयीने ती त्यांनी बाहेरून बसवली होती.